‘जादू शिकायला वेळ कुठंय?’ : एक हट्टी गैरसमज आणि बाकीचे किरकोळ

पाटसमध्ये हातचलाखीचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं. कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टला जाणारा तेच देतो, डेमूनं रोज पुण्याला ये-जा करणारा तेच देतो, हंगामात ऊसतोडीच्या मागे धावणारा शेतकरी आणि शाळेतले गुरुजीही तेच देतात. “आवड आहे हो, पण जादूला रोज दोन-तीन तासांची बैठक लागते. आम्हाला कुठला तेवढा वेळ?” हे वारंवार ऐकलं की चीड येते, कारण यातलं अर्धं खरं आहे. वेळ खरोखरच नाही. पण बैठक लागते हे साफ चूक आहे, आणि त्या चुकीपायी चांगले हात असलेली माणसं नाणं हातात धरायच्या आधीच माघार घेतात.

गैरसमज : सलग दोन-तीन तास बसल्याशिवाय हात बसत नाही.

वस्तुस्थिती : तेवढाच वेळ तुकड्यांत वाटून दिला तर हात जास्त पक्का बसतो. ही गोष्ट गेली सव्वाशेहून अधिक वर्षं माहीत आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अनेक दिवसांवर पसरलेली उजळणी कमी श्रमांत टिकते, हे त्यानं दाखवलं. “ते पाठांतराचं झालं, हाताचं वेगळं,” असं कुणी म्हणेल. म्हणून हाताचाच पुरावा देतो.

ब्रिटनमध्ये टपाल खात्यातल्या पोस्टमनना टंकलेखन शिकवायचं होतं. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले. एक गट दिवसातून एकदा, एकच तास शिकला. दुसरा दिवसातून दोनदा, एकेक तास. तिसरा एकदा, पण सलग दोन तास. चौथा दोनदा आणि दर वेळी दोन तास, म्हणजे रोज चार तास. अभ्यास 1978 साली प्रसिद्ध झाला. रोज एकच तास शिकणाऱ्यांना कळफलक सर्वात कमी एकूण तासांत आला; रोज चार तास बसणाऱ्यांना सर्वात जास्त तास लागले. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही चार तासवाले मागेच होते.

या अभ्यासातली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. आपल्या वेळापत्रकावर सर्वात कमी समाधानी होते ते रोज एक तास शिकणारेच. दिवसांच्या हिशेबानं त्यांना जास्त काळ लागत होता, त्यामुळे आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. शिकत मात्र ते सर्वात चांगलं होते. आपला गैरसमज इतका हट्टी का, याचं उत्तर इथं आहे. सलग बसलं की हात सैल होतो, चाल जमल्यासारखी वाटते, आणि ते समाधान आपण प्रगती समजतो. दुसऱ्या दिवशी निम्मं गळून गेलेलं असतं.

हा प्रयोग तासाचा होता, दहा मिनिटांचा नव्हता, हे मान्य. पण हातचलाखीच्या चाली किती लहान असतात ते बघा. उजव्या हातातलं नाणं डाव्या हातात दिल्यासारखं करायचं आणि उजव्यातच ठेवायचं, ही पहिली चाल. सावकाश, तपासून केली तरी एका फेरीला सहा-सात सेकंद लागतात. म्हणजे दहा मिनिटांत साधारण नव्वद फेऱ्या होतात. त्यापुढे लक्ष भरकटतं, आणि लक्ष नसताना केलेली फेरी चूकच पक्की करते.

मधल्या झोपेचाही हिशेब धरा. बोटांनी ठरावीक क्रमानं कळा दाबण्याच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की रात्री सराव करून झोपलेली माणसं सकाळी, मध्ये एकही फेरी न करता, आधीपेक्षा जलद आणि अचूक करतात. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांचा 2002 सालचा अभ्यास याबाबत वारंवार सांगितला जातो. रविवारी तीन तास बसणाऱ्याला मधली एक रात्र मिळते. रोज पंधरा मिनिटं देणाऱ्याला आठवड्यात सात मिळतात.

एवढ्यानंही पटत नसेल तर आधुनिक जादूचा जनक मानल्या जाणाऱ्या झाँ-युजीन रोबेर-हुदँ याच्याकडे बघा. तो पेशानं घड्याळजी होता. त्याच्या आत्मचरित्रातलं वर्णन असं, की कोटाच्या खिशांत पत्ते आणि नाणी ठेवून तो रस्त्यानं चालता-चालता हात खिशातच घालून सराव करायचा. पॅरिसमधलं स्वतःचं जादूचं थिएटर त्यानं 1845 साली उघडलं, तेव्हा त्याची चाळिशी जवळ आली होती. पोट भरण्याचा धंदा सांभाळून ही कला शिकता येते, याचा इतका जुना दाखला असताना आपण ‘बैठक’ धरून बसलो आहोत.

आता पाटसच्या दिवसात हे कसं बसवायचं ते सांगतो. डेमूत कडेठाण, केडगाव, यवत करत पुण्याला जाताना बसायला जागा मिळाली, तर मांडीवर पिशवी ठेवून तिच्या आड नाणं तळव्यात धरून ठेवण्याचा सराव होतो. दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटर व्यासाचं असतं, धरायला बरं. ते तळव्यात ठेवून त्याच हातानं मोबाइल उचला, तिकीट काढा, पाण्याची बाटली उघडा. हात नैसर्गिक दिसतो का, एवढंच बघायचं. रात्रीच्या लाइटची वाट बघत मोटारीपाशी बसणाऱ्या शेतकऱ्याला तर कुणी बघणारंही नसतं; तिथं पत्ते पिसण्याचा सराव करा. शिफ्टवाल्यांनी रासायनिक कारखान्यात काही काढू नये, बसच्या थांब्यावर काढावं. आणि नियम एकच : एका आठवड्यात एकच चाल. मोबाइलवर रोज नवी युक्ती बघणाऱ्याचा वेळ तिथंच संपतो. युक्ती बघणं म्हणजे सराव नव्हे, हे मी कितीदा सांगितलं तरी लोकांना पटत नाही.

टीव्हीवर मालिका बघत नाणं फिरवत बसणं हाही सराव नव्हे. नाणं हातात वावरायला त्यानं मदत होते, इतकंच. सराव म्हणजे एक चाल, पूर्ण लक्ष, आणि प्रत्येक फेरीनंतर स्वतःला विचारलेला प्रश्न : नाणं खरोखर दिलं असतं तर हात असाच गेला असता का? आधी पाच वेळा नाणं खरोखर द्या, मग पाच वेळा न देता तसंच करा. दोन्हींत फरक दिसेल, आणि तो फरक घालवणं हेच काम आहे.

तुकड्यांत न बसणारा एक भाग मात्र आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. तोंडी बोलण्यासकट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका माणसासमोर पूर्ण प्रयोग करायचा तर सलग वेळ लागतोच. पण तो आठवड्यातून एकदा अर्धा तास. रंगमंचावरच्या मोठ्या पेट्या, सहायक आणि प्रकाशयोजना हा पूर्णवेळ व्यवसाय आहे. तिथं दिवसच्या दिवस तालमी होतात. त्या प्रयोगांचं माप पाच जणांत नाण्याची जादू करू पाहणाऱ्याला लावायचं आणि त्याला घाबरवायचं, हा अन्याय आहे.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

‘10,000 तास लागतात.’ हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या 2008 सालच्या पुस्तकानं घरोघरी नेला. मूळ अभ्यास अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा, 1993 सालचा, बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरचा. त्यात हा आकडा सर्वोत्तम गटाची विशीपर्यंतची सरासरी होता, उंबरठा नव्हे. ‘नियम’ म्हणून तो सांगण्याला एरिक्सन यांनी स्वतःच हरकत घेतली होती.

‘21 दिवस केलं की सवय लागते.’ लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस निघाले आणि माणसागणिक फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात खोट आहे असं समजू नका.

‘हात डोळ्यापेक्षा चपळ लागतो.’ जोसेफ जॅस्ट्रो या मानसशास्त्रज्ञानं 1896 साली हर्मान आणि केलर या त्या काळच्या नामवंत जादूगारांची चाचणी घेतली. त्यांचा वेग विलक्षण वगैरे निघाला नाही. काम वेगाचं नसून लक्ष वळवण्याचं आहे. गुस्ताव कून यांनी 2006 साली दाखवलेला प्रयोग असा : जादूगार चेंडू दोनदा वर फेकतो, तिसऱ्यांदा नुसता हात हलवतो, पण नजर वर नेतो. निम्म्याहून अधिक प्रेक्षकांना न फेकलेला चेंडू वर जाताना दिसला. नजर हातावर ठेवली तेव्हा फसणारे खूप कमी झाले. म्हणून नजरेचाही सराव करा; त्याला तर नाणंसुद्धा लागत नाही.

‘आरशासमोरच सराव करायचा.’ आरशात आपण स्वतःचे हात बघतो, आणि प्रेक्षकांसमोरही तिकडेच बघायची खोड लागते. शिवाय नेमक्या क्षणी डोळे मिटले जातात ते आरसा दाखवत नाही. मोबाइल उभा करून चित्रीकरण करा.

‘घराण्यात असावं लागतं.’ पुण्याचे जादूगार रघुवीर (1924–1984) चाकणजवळच्या आंबेठाण या खेड्यातले, आणि शिकले पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहात. त्यांच्यानंतर पुढच्या दोन पिढ्यांनी प्रयोग केले, पण घराणं त्यांच्यापासून सुरू झालं.

‘विज्ञानाच्या चमत्काराला सराव लागत नाही.’ गावोगाव चमत्कारांमागचं कारण उलगडून दाखवणारे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कितीतरी कार्यकर्ते शिक्षक आणि नोकरदार असतात, आणि कामाच्या वेळा सांभाळूनच तयारी करतात. हळद लावलेल्या कागदावर चुन्याचं पाणी टाकलं की तांबडं होतं, हे रसायन आपोआप घडतं. पण ते कुठल्या क्षणी घडवायचं आणि काय बोलायचं, हे सरावानंच येतं. आगीचे आणि तीव्र रसायनांचे प्रयोग मात्र जाणकाराशिवाय करू नयेत. ते मधल्या वेळेत शिकायचे नाहीत.

‘जादूटोणाविरोधी कायद्यानं जादूच्या प्रयोगांवर बंदी आली.’ डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात झालेला कायदा नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे. तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं आणि त्याच्या जोरावर लोकांना फसवणं, त्यांच्यात दहशत बसवणं त्याच्या अनुसूचीत आहे. ‘ही हातचलाखी आहे’ असं सांगून करमणूक करणारा त्यात येत नाही.

या शेवटच्या मुद्द्यामुळेच मला सरावाची एवढी कळकळ आहे. हवेतून अंगारा काढणाऱ्या बाबाचा हात आणि नाणं लपवणाऱ्याचा हात एकाच पद्धतीनं चालतो. ज्यानं महिनाभर रोज पंधरा मिनिटं नाणं तळव्यात धरलं आहे, तो बाबाच्या उघड्या हाताकडे बघत बसणार नाही. दुसरा हात कुठं आहे ते बघेल. असा एक माणूस प्रत्येक आळीत, प्रत्येक शाळेत असला पाहिजे. त्यासाठी कुणी नोकरी सोडायची नाही, शेती सोडायची नाही, दोन-तीन तास मोकळे होण्याची वाट तर मुळीच बघायची नाही. एक नाणं घ्या, एक चाल निवडा, जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं ठरवा आणि आठवडाभर दुसरं काही शिकू नका.