ज्वारीचा पिझ्झा, घरच्या तव्यावर

लेकरं पिझ्झा मागतात. नुसतं रागावून भागत नाही. बाहेरच्या पिझ्झ्यात बहुधा मैदा, मीठ आणि चीज भरपूर असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणून आम्ही म्हणतो, पुसेगावच्या घराघरात जे आहे, त्याचाच पिझ्झा करू.

एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी गव्हाचं पीठ, अर्धी वाटी दही, चिमूटभर खायचा सोडा व मीठ घेऊन कोमट पाण्यात मळा. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने तिला ताण येत नाही. गहू तिला धरून ठेवतो. अर्धा तास झाका. जाडसर थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. वर टोमॅटो-लसणाची शिजवलेली चटणी, कांदा, ढोबळी मिरची, घरचं पनीर पसरा. मंद आचेवर ५ मिनिटं झाकण ठेवा. खाताना लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते.

मधुमेहींनी मात्र एकच, लहान खावा. ज्वारीनेही साखर वाढते. कोसलचा राजा प्रसेनजित अति जेवून सुस्तावला, तेव्हा तथागतांनी त्याला बेताने खाण्याचाच उपदेश केला होता.

हीच ज्वारी आपल्या आजा-पणजांना मजुरीत मोजून मिळायची. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद केली आहे. लेकरांना पिझ्झा वाढताना आपण ज्वारीची ही गोष्टही सांगू. जयभीम!