इंचभर पट्टी आणि कोट्यवधी चौकटी

३ ऑगस्ट २००५. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या डिस्कव्हरी यानाच्या पोटाखाली अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन पोहोचला. टाइल्सच्या फटींतून कापडासारख्या दोन पट्ट्या जेमतेम इंचभर बाहेर आल्या होत्या. त्याने त्या हातानेच ओढून काढल्या. काम फत्ते!

एवढ्याशा पट्ट्यांसाठी स्पेसवॉक? २००३ मध्ये कोलंबिया यान परतताना तुटलं आणि कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. त्यानंतरचं हे पहिलंच उड्डाण. कोलंबियाचं कारण वेगळं होतं, पण आता कोणालाच रिस्क नको होती. पट्ट्या तशाच राहिल्या तर यान किती तापेल, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

भानगड अशी आहे. हवा असो वा पाणी, प्रवाह आधी शिस्तीत, थरांमध्ये वाहतो. तो लॅमिनार. मग एका टप्प्यावर तो विस्कटतो, भोवरे उठतात. तो टर्ब्युलंट. हा बदल म्हणजे ‘ट्रान्झिशन’. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून तो दाखवला होता. पृष्ठभाग खडबडीत असेल तर हा बदल लवकर होतो. यानाच्या बाबतीत त्याचा अर्थ, भोवरे गरम हवा थेट टाइल्सपर्यंत आणणार.

पण खडबडीतपणा दरवेळी व्हिलन नसतो हं! गोल्फच्या चेंडूवरच्या खळग्यांमुळेच तो लांब जातो. नव्या क्रिकेट बॉलची शिवण एका बाजूची हवा विस्कटते, म्हणून तो स्विंग होतो.

मग कॉम्प्युटरला विचारायचं ना? प्रवाहाची समीकरणं तर एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहेत. पण ती सोडवायला सगळी जागा बारीक चौकटींमध्ये चिरावी लागते आणि क्षणाक्षणाचा हिशेब ठेवावा लागतो. १९८७ मध्ये नासाच्या एम्स केंद्रात दोन गुळगुळीत भिंतींमधला प्रवाह असा मोजला, तेव्हाच सुमारे ४० लाख बिंदू लागले. खडबडीत भिंत म्हटली की प्रत्येक उंचवट्याभोवती आणखी बारीक चौकटी. शिवाय वेग दुप्पट केला की काम साधारण आठपट!

खरी गोची पुढेच आहे. ट्रान्झिशनची सुरुवात अगदी किरकोळ थरथरीतून होते. चौकटी जाड असतील तर ती थरथर हिशेबातच विरून जाते. उलट गणितातली बारीक चूक खोटी खळबळ उठवू शकते. म्हणजे स्क्रीनवर सुंदर भोवरे दिसले म्हणून ते खरे असतीलच असं नाही. प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून बघावंच लागतं. म्हणून तर २००९ मध्ये त्याच डिस्कव्हरीच्या एका टाइलवर मुद्दाम पाव इंचाचा उंचवटा ठेवून उड्डाण झालं, आणि यान परतताना तिथलं तापमान मोजलं गेलं.

तुम्हालाही हात आजमवायचाय? ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्प ते शिकायला मदत करतो. फक्त रंगीत चित्रावर भाळण्याआधी एक प्रश्न विचारा : हे ताडून बघितलंय का?