टायरची हवा, गाडीतल्या गाडीत

जैसलमेरजवळच्या समच्या वाळूत थार किंवा जिम्नीसारखी गाडी घालायची तर आधी टायरची हवा उतरवावी लागते. तिशीतला दाब १५-१८ पीएसआयवर आणला की टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. पण त्याच हवेवर डांबरी रस्त्याने वेगात निघालात तर टायर तापून फुटू शकतो. म्हणून हवा परत भरायला कॉम्प्रेसर गाडीतच पक्का बसवलेला बरा.

घेताना डब्यावरचा '१५० पीएसआय' हा आकडा सोडून द्या; तेवढा दाब आपल्याला लागतच नाही. मिनिटाला किती लिटर हवा देतो आणि न थांबता किती वेळ चालतो, एवढंच विचारा. हलका पंप दुसऱ्या टायरलाच हात लावू नये इतका तापतो.

खरी काळजी वायरिंगची. लायटर सॉकेटचा फ्यूज बहुधा १०-१५ अँपिअरचा, आणि मोठा कॉम्प्रेसर तीस-चाळीस अँपिअर सहज ओढतो. त्यामुळे तांब्याची जाड वायर थेट बॅटरीवरून, रिलेमधून घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो पलीकडे कॉम्प्रेसरपाशी लावला आणि मधली वायर पत्र्याला घासून सोलली, तर आग लागेपर्यंत विजेच्या प्रवाहाला अडवणारं काही उरत नाही. मेकॅनिक घाईत असला तरी हे त्याच्याकडून करूनच घ्या.

जागा सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, ओढ्याचं पाणी पोहोचणार नाही इतकी उंच निवडा. सांध्यांवर साबणाचा फेस लावून गळती तपासा. आणि हवा भरताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल.