तपासणीच्या वहीतील सह्या

खंडेनवमीच्या दिवशी सरकारी कचेऱ्यांतून, छापखान्यांतून आणि शाळांच्या प्रयोगशाळांतून यंत्रांची पूजा होते. टंकलेखनयंत्रांच्या जागी संगणक आले, तरी झेंडूची फुले आणि हळदकुंकू कायम आहे. जिन्याच्या वळणावर टांगलेले तांबडे अग्निशामक नळकांडेही त्या दिवशी पुसले जाते आणि त्याच्या गळ्यात हार पडतो. वर्षभरात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जावे असा हा बहुधा एकच दिवस. हार घालणाऱ्याने त्याच वेळी दाबदर्शकाचा काटा हिरव्या पट्टीत आहे की नाही, खिट्टी आणि तिच्यावरचे सील शाबूत आहे की नाही, नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने घर केले आहे काय, एवढे पाहिले तरी पूजेला अर्धा मिनिटच अधिक लागेल. पण ते सहसा पाहिले जात नाही. नळकांड्याला अडकवलेल्या पुठ्ठ्यावर तारीख आणि सही मात्र असते.

कायद्याची उणीव आहे म्हणावे, तर तसेही नाही. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ ह्या कायद्याने अशा इमारतींतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर टाकलेली आहे. दरवर्षी जानेवारी आणि जुलै ह्या महिन्यांत, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन तसे प्रमाणपत्र अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. वर्षातून दोन वेळा हा दंडक काही जाचक नव्हे. अडचण आहे ती निराळीच. तपासणारी संस्था मालकानेच निवडावयाची आणि तिचे शुल्कही त्यानेच द्यावयाचे. ज्याच्या उणिवा काढावयाच्या त्याच्याच हातून मोबदला घेणारा मनुष्य किती उणिवा काढील, हे सांगावयास व्यवहारचातुर्य लागत नाही.

वस्तुतः ही तपासणी म्हणजे काही गूढ विद्या नव्हे. कोरड्या रासायनिक भुकटीचे नळकांडे महिनोन्महिने एका जागी राहिले की आतील भुकटी तळाशी बसून घट्ट होते. ते अधूनमधून उलटसुलट हलवावे लागते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला बहुधा दाबदर्शक नसतोच. ते तराजूवर चढवून वजन घटले आहे काय, हे पाहणे हीच त्याची परीक्षा. उंच इमारतींत मजल्यामजल्यावरून पाण्याची भरलेली नळवाहिनी गेलेली असते. तिच्यातील दाब थोडा उतरला की लहान पंप आपोआप सुरू होतो आणि अधिक उतरला की मोठा. आता एखाद्या तोटीतून थेंब थेंब गळती होऊ लागली, की लहान पंप रात्रंदिवस चालू-बंद होत राहतो, विजेचे बिल वाढते आणि पहाऱ्यावरच्या माणसाची झोपमोड होते. मग गळती काढण्याऐवजी कळच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवली जाते. शांतता नांदू लागते. पुढे कधी काळी चौथ्या मजल्यावर कोणी तोटी उघडील, तेव्हा तिच्यातून नळीत साचलेले पाणी तेवढे येईल. डिझेलवर चालणाऱ्या पंपाची बॅटरी उतरलेली असणे, नळ्यांच्या पेटीतील पितळी तोंडे मोडीच्या बाजारात पोचलेली असणे, हे प्रकार तर नित्याचेच.

आगीत माणसे ज्वाळांनी मरतात हा समज सार्वत्रिक आहे. पुष्कळदा माणूस मरतो तो धुराने, आणि तोही ज्वाळा त्याच्यापर्यंत पोचण्याच्या आधी. जिन्याचे आपोआप मिटणारे दार हा धूर अडविण्यासाठी असते. वारा यावा म्हणून त्याला वीट लावून ते उघडे ठेवले, की जिना हेच धुराचे धुरांडे होते. म्हणून तपासणाऱ्याने नळकांड्यांच्या आधी पायऱ्या पाहाव्यात. तेथे काय आढळते? चपलांची कपाटे, मोडक्या सायकली, कुंड्या, जुन्या दफ्तरांचे गठ्ठे. विजेच्या तारा जातात त्या कपाटात झाडू आणि रद्दी. गच्चीच्या दाराला कुलूप.

नेमके येथेच घोडे पेंड खाते. शाळेत किंवा कचेरीत हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून एखाद्या कनिष्ठ लिपिकाच्या गळ्यात पडते. वाट अडविणारे कपाट वरिष्ठांच्या दालनातून बाहेर काढलेले असेल, तर त्याने वहीत काय लिहावे? गृहनिर्माण संस्थेच्या चिटणिसाची स्थिती याहून बरी नाही. शेजाऱ्याच्या चपला उचला म्हणावे तर पुढच्या सर्वसाधारण सभेत वाभाडे निघतात आणि गणपतीच्या वर्गणीपर्यंत वैर पोचते. ‘सर्व ठीक’ ही दोन शब्दांची नोंद आळसातून जितकी जन्मते, तितकीच ह्या भिडेतूनही जन्मते. ज्याच्याकडे वही दिली त्याला कपाट हलविण्याचा लेखी अधिकार दिला नाही, तर वही न दिलेली बरी.

भीड किती महाग पडते ह्याचे दाखले जुने नाहीत. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून पेटलेली आग झावळ्यांच्या छपरावर गेली आणि ९४ मुले दगावली. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग ठरविला. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाला आग लागून पाच जणांचे प्राण गेले. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. राज्यभर रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षीच्या ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरातील जिल्हा रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पेटला; त्यातही दहाहून अधिक रुग्ण मृत्यू पावले.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दर एप्रिलमध्ये अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. फिती छातीला लागतात, प्रात्यक्षिके होतात, शाळांतून निबंधही लिहविले जातात. त्या आठवड्यात प्रत्येक शाळेने मुलांना एकदा घंटा देऊन जिन्याने खाली उतरवून पाहिले, तर कोणत्या वळणावर गर्दी तुंबते आणि कोणते दार आत उघडते, हे निबंधापेक्षा लवकर कळेल.

प्रमाणपत्राविषयीही एक साधी सोय करता येण्याजोगी आहे. आज ते धारिकेत जाते आणि तेथेच राहते. गृहनिर्माण संस्थांच्या प्रवेशद्वाराशी फळा असतो. थकबाकीदारांची नावे त्यावर ठळक अक्षरांत झळकतात. जानेवारी आणि जुलैच्या प्रमाणपत्रांची प्रत तपासणाऱ्याच्या नावासह त्याच फळ्यावर लावावी, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा कोणीही रहिवासी कागदावरचा पंप आणि तळघरातला पंप ताडून पाहू शकेल. गच्चीची किल्ली रात्री कोणाकडे असते, हेही तेथेच लिहावे.