बुधवारची चंपाषष्ठी

चंपाषष्ठी मार्गशीर्षात येते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ती एखाद्या साध्या बुधवारी, शाळा सुटल्यानंतरही येऊ शकते, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळले. कसे कळले, तेच आज माझ्या मैत्रिणींना सांगायचे आहे. जाता जाता फुनक्यांची आणि भरिताची कृतीही सांगेन, म्हणजे गोष्ट आवडली नाही तरी वाचण्याचे श्रम वाया जाणार नाहीत!

माझे माहेर पुण्याचे. लग्न होऊन मी लोणखेड्याला आले. शहाद्याला अगदी लागून असलेले हे गाव. जवळच गोमाई नदी, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, आणि भोवती ऊस, केळी, पपई नि कापूस. मी आले तेव्हा आमचा नंदुरबार जिल्हाही माझ्यासारखाच नवखा होता. १ जुलै १९९८ ला तो धुळ्यापासून वेगळा झाला. जिल्हा हळूहळू रुळला, मीही रुळले. पण पहिल्याच हिवाळ्यात माझी जी फजिती झाली, ती घरात अजून सांगितली जाते.

पुण्याला आमच्याकडे भरीत म्हणजे भाजलेले वांगे, वर दही आणि चिमूटभर साखर. इथे सासूबाईंनी हिरव्यागार मिरच्यांचा ढीग तेलात परतायला घेतला, आणि मी भोळेपणाने विचारले, "आई, दही कुठे ठेवलं आहे?"

स्वयंपाकघरातल्या सात-आठ बायकांचे हात एकदम थांबले. सासूबाई डोळ्यांना पदर लावून हसल्या. "व माय! दही भरितात घातलंस, तर कढीत काय घालशील?"

तो दिवस चंपाषष्ठीचा होता. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, खंडोबाचा दिवस. दिवाळीनंतर साधारण सव्वा महिन्याने ती येते. पुष्कळ घरांतून चातुर्मासात वांगे आणि कांदा-लसूण वर्ज्य असते, आणि खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मगच ते पुन्हा ताटात येते. तेव्हा त्या दिवशी नुसती देवाची पूजा नसते. चार महिने दूर राहिलेले वांगे घरी परत येत असते. त्यातून खानदेशातले वांगे म्हणजे काय विचारता! फिकट हिरवे, पांढऱ्या रेषांचे, हातात मावणार नाही एवढे थोराड. जळगावच्या भरिताच्या वांग्याला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

सासरे होते तोवर चंपाषष्ठी शेतात होई. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाट्यांचा जाळ करायचा आणि त्यात वांगी टाकायची. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडजीत ठेचायची. चुलत, मावस, सोयरे मिळून तीस-चाळीस पाने सहज उठत. भरिताबरोबर रोडगे तर असतच. पण आमच्या घरचा रिवाज असा, की त्या दिवशी फुनकेही व्हायचेच. फुनके म्हणजे भिजवलेल्या डाळी जाडसर वाटून, मुठीत वळून, वाफवलेले लांबट गोळे. ते ताटात कुस्करायचे आणि वर गरम कढी ओतायची. इतरांच्या घरी फुनके केव्हाही होतात. आमच्या घरी मात्र एवढा घाट एरवी कोण घालतो, म्हणून ते षष्ठीच्या पंगतीला बांधले गेले होते.

मग सासरे गेले. शेताच्या वाटण्या झाल्या. धाकटे दीर धंद्यासाठी सुरतेला गेले. पाठोपाठ सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्यातून त्या उठल्या, बोलू-चालू लागल्या. पण उजव्या हातातली शक्ती गेली. ज्या हाताने पंधरा-पंधरा शेर भाकरी थापल्या, त्या हातात आता पाण्याचा पेला थरथरू लागला.

त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे सोडले. रोज संध्याकाळी मी शाळेतून आल्यावर विचारावे, "आई, काय करू?" आणि त्यांनी ठरलेले उत्तर द्यावे, "माझं काय, टाक थोडी खिचडी." मीही थकलेली असे, खिचडी मलाही सोयीचीच होती. पुढची चंपाषष्ठी आली, तेव्हा एक वांगे गॅसवर भाजून नैवेद्यापुरते भरीत केले. सासूबाईंनी बोटभर प्रसाद घेतला आणि ताट सारले. त्यांची भूक गेली होती असे नव्हे. घरात आता आपले काही काम उरले नाही, असे त्यांच्या मनाने घेतले होते. हे मला कळत होते. पण शाळा, मुलाचे दहावीचे वर्ष, घर या धावपळीत त्यावर उपाय सुचत नव्हता.

तो उपाय अमेरिकेतून आला! माझ्या नणंदेची मुलगी न्यू जर्सीत असते. षष्ठीनंतर दहा-बारा दिवसांनी तिचा फोन आला. तिकडे मंगळवारची रात्र, इकडे आमचा बुधवारचा सकाळचा चहा. फोन मोठ्याने लावून मी पोळ्या लाटत होते. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभार मानण्याचा सण असतो. त्या दिवशी टर्की नावाचा थोराड पक्षी अख्खा भाजतात आणि सोबत भाज्या उकडून, लोणी घालून ठेचतात. भाची सांगत होती, "मामी, अख्खी टर्की भाजायची म्हणजे सगळा दिवस जातो. पण मुलांना ती चव हवी असते. म्हणून आज ऑफिसातून येताना टर्कीचा खिमा आणला. त्यात कांदा-लसूण, सणाचाच मसाला घालून गोळे केले, आणि बटाटा-गाजर उकडून ठेचलं. तासाभरात सण झाला!"

दाराशी बसलेल्या सासूबाईंनी मान वर केली. "गोळे तळते की वाफवते, विचार तिला."

कित्येक महिन्यांत त्यांनी स्वयंपाकाविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न! मी लाटणे खाली ठेवले. भाची म्हणाली, "भट्टीत भाजते, आजी."

सासूबाई क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "गोळे, आणि बरोबर ठेचलेली भाजी. मग हे आपले फुनके नि भरीतच की!"

आता कोफ्ता हा शब्दच मुळी फारसीतल्या 'कुटणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. तेव्हा कुटून गोळे वळावेत आणि भाजून ठेचावे, ही बुद्धी माणसाला ठिकठिकाणी झालेली दिसते. पण त्या सकाळी मला फारसी आठवली नाही. मी एवढेच केले, की शाळेत जाण्यापूर्वी दोन वाट्या तुरीची डाळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ धुऊन भिजत घातली, आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "आई, आज संध्याकाळी फुनके. मला एकटीला जमणार नाहीत हं!"

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुपारी त्यांनी डाळीतले पाणी बदलल्याचे मला संध्याकाळी पातेल्यावरून कळले.

शाळा सुटल्यावर शहाद्याच्या बाजारातून किलोभर वांगी आणली. वांगे घेताना हातात तोलून पाहावे. आकाराच्या मानाने हलके लागले तर बिया कमी असतात. भोक पडलेले घेऊ नये. घरी आल्यावर आमच्या ह्यांना म्हटले, "वांगी तुमच्याकडे." स्वारीने आधी घड्याळाकडे पाहिले, मग माझ्याकडे, पण गुपचूप अंगणात तीन विटा मांडल्या. पऱ्हाट्या शेतातून आलेल्या होत्याच. वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावला. टोचे मारले नाहीत तर वांगे फुटून आतला वाफाळता गर अंगावर उडतो. जाळ नसेल तर गॅसवर भाजले तरी चालते. मंद आचेवर, सारखे फिरवत, देठाजवळचा भाग मऊ होईपर्यंत. धुराचा वास थोडा कमी येईल, एवढेच.

आत मी डाळ वाटायला घेतली आणि पहिली चूक केली. वाटण फिरावे म्हणून पाणी घातले. सासूबाई दारातूनच कडाडल्या, "अगं, पाणी नको! गंधासारखं वाटशील तर दगड होतील. डाळ दाताखाली आली पाहिजे." ओरडत ओरडतच त्या आत आल्या आणि पाटावर बसल्या. मला इतका आनंद झाला, की आणखी दोन-चार चुका मुद्दाम कराव्यात असे वाटले!

वाटलेल्या डाळीत दोन कांदे बारीक चिरून, सात-आठ हिरव्या मिरच्या नि दहा-बारा लसूणपाकळ्यांचा ठेचा, जिरे, हळद, मीठ, मूठभर कोथिंबीर आणि दोन चमचे तेल घातले. आता वळायचे. मी एक गोळा वळून चाळणीत ठेवला. सासूबाईंनी तो पाहिला, नाक मुरडले आणि डावा हात पुढे केला. डाव्या तळव्यावर गोळा घेऊन त्यांनी उजव्या हाताची बोटे त्यावर नुसती टेकवली. बोटे थरथरत होती. पण फुनक्याला जोर लागतच नाही. हलकेच मिटायची मूठ, की झाले. पहिला फुटला, दुसरा वाकडा झाला. तिसरा चाळणीत बसला. त्यावर चार बोटांचे ठसे उमटले होते.

पुढचे सगळे त्यांनीच वळले. मला पंधरा मिनिटे लागली असती, त्यांना पाऊण तास लागला. मी घाई केली नाही. कामावरून आलेल्या बाईला पाऊण तास म्हणजे काय, ते तुम्हांला सांगायला नको. पण त्या वेळात मी कढी केली, भाकरी थापल्या, आणि मुलाने अभ्यासाचे पुस्तक पालथे ठेवून लसूण सोलला.

फुनके तेल लावलेल्या चाळणीत ठेवून, उकळत्या पाण्यावर झाकण घालून वीस मिनिटे वाफवावेत. कुकरमध्ये ठेवले तर शिट्टी लावू नये. सुरी टोचून कोरडी निघाली की झाले. कढीसाठी आंबट ताकात डाळीचे पीठ आधीच कालवून घ्यावे, जिरे-लसूण-कढीलिंबाची फोडणी द्यावी आणि उकळी येईपर्यंत हात थांबवू नये, नाहीतर ताक फाटते. मीठ शेवटी.

किलोभर वांग्यांच्या भरिताला आठ-दहा हिरव्या मिरच्या आणि पंधरा लसूणपाकळ्या तेलात परतून, मिठाबरोबर ठेचाव्यात. त्यातच सोललेली वांगी ठेचावीत. मग चार-पाच चमचे तेलात जिरे आणि अर्धी वाटी शेंगदाणे तळून, कांद्याची पात परतून त्यात भरीत घालावे. वरून कोथिंबीर. बरोबर कळण्याची, म्हणजे ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची भाकरी. मी त्या दिवशी साधी दादरचीच केली. दादर ही आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कोणी तक्रार केली नाही.

रात्री साडेआठला पाने मांडली. पाहुणा कोणी नव्हता, नैवेद्य नव्हता, तिथीही कुठली विशेष नव्हती. सासूबाईंनी फुनका कुस्करला, वर कढी घेतली, कच्च्या तेलाची धार धरली. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मीठ कमी आहे." आणि आणखी दोन फुनके वाढून घेतले.

त्यांचा हात बरा झाला, असे मी म्हणणार नाही. तो तसाच आहे. पण त्या हिवाळ्यात बुधवार फुनक्यांचा ठरला. मंगळवारीच "डाळ आहे का घरात?" अशी विचारणा होऊ लागली. मी शाळेतून येईपर्यंत लसूण सोललेला, पात निवडलेली असे. खिचडी अजूनही होते, पण ती आता कंटाळ्याची राहिली नाही.

मैत्रिणींनो, नोकरी करणाऱ्या बाईला सगळे सांगतात की काम कमी कर, झटपट कर. खरेच आहे ते. पंगत कमी करा, पक्वान्ने कमी करा, यंत्राने वाटता येईल ते यंत्राने वाटा. मात्र घरातल्या कोणाच्या हाताला जमेल असे एखादे काम वेळ वाचवण्यासाठी काढून टाकू नका. माझ्या घरी ते फुनके वळण्याचे निघाले. तुमच्या घरी दुसरे काही असेल.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. यंदा तीही टर्कीऐवजी डाळीचे गोळे करून पाहणार आहे. सासूबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि अमेरिकेला बजावले, "पाणी घालू नकोस! आणि जाड वाट!"