वजनाचे इंजेक्शन आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल

मोबाइलवर वय, उंची, वजन भरायचे, काही प्रश्नांपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ची खूण करायची, मग डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल. चिठ्ठी मोबाइलवर येते आणि इंजेक्शन घरपोच. ज्या तालुक्यात मधुमेहतज्ज्ञ नाही, तिथल्या रुग्णासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र तपासणीचे कोणते काम पडद्यावर होते आणि कोणते होत नाही, हे माहीत असायला हवे.

टिर्झेपटाइड (मौंजारो) मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइडचे वेगोवी हे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आले. आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर त्वचेखाली घ्यायची ही औषधे भूक कमी करतात, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि रक्तातील साखर आटोक्यात आणतात. त्यांचा उपयोग चाचण्यांत सिद्ध झाला आहे. पण ती कोणालाही द्यावीत अशी नाहीत.

केंद्र सरकारच्या मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार डॉक्टर दूरस्थ सल्ला देऊ शकतात. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही एकमेकांची ओळख असावी लागते, चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेला स्वतःहून औषध लिहून देता येत नाही. आणि गरज वाटल्यास ‘प्रत्यक्ष या’ असे सांगण्याची डॉक्टरांना पूर्ण मुभा आहे.

ही गरज कधी पडते? समजा, रुग्ण आधीच ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेतो. त्यात हे इंजेक्शन मिसळले आणि जुन्या औषधाचे प्रमाण कमी केले नाही, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, भोवळ येते. घरी एकट्या असलेल्या वृद्धाच्या ते जिवावर बेतू शकते. म्हणूनच पहिल्या भेटीत चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी विचारली गेलीच पाहिजे.

स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, स्वतःला किंवा घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला होता का, गर्भधारणेचा विचार आहे का, हेही विचारायला हवे. सेमाग्लुटाइड गरोदरपणाच्या नियोजनाआधी किमान दोन महिने बंद करावे लागते. जुन्या मधुमेहींचे डोळ्यांचे पडदे तपासलेले असावेत, कारण साखर झपाट्याने उतरली की पडद्याचा विकार बळावू शकतो. एचबीए१सी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांचे ताजे अहवाल डॉक्टरांनी पाहायला हवेत. यापैकी काहीच न विचारता चिठ्ठी आली, तर तो सल्ला अपुरा समजावा.

मात्रा हळूहळू वाढवायची असते. टिर्झेपटाइड अडीच मिलिग्रॅमपासून, सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमपासून, चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांनी. घाई केली की मळमळ, उलट्या, जुलाब वाढतात. त्यातून शरीरातील पाणी घटून मूत्रपिंडावर ताण येतो. न वापरलेले पेन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते, त्यामुळे कुरिअरने आलेले पार्सल गरम झालेले असेल तर ते वापरू नये. आणि औषध थांबवल्यावर वजन परतते: सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात रुग्णांनी घटवलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग पुन्हा वाढल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले. किती काळ घ्यायचे, खर्च झेपेल का, आहारात प्रथिने किती, व्यायाम कोणता, हे सुरुवातीलाच बोलून घ्यावे.

यावर साधा मार्ग असा: पहिली तपासणी जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे किंवा फिजिशियनकडे प्रत्यक्ष करावी, तज्ज्ञांचा सल्ला आणि पुढची देखरेख व्हिडिओ कॉलवर ठेवावी. पोटात तीव्र, पाठीपर्यंत जाणारी कळ किंवा न थांबणाऱ्या उलट्या सुरू झाल्यास मात्र पुढच्या कॉलची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.