एसओ-५० वर पहिला कॉन्टॅक्ट: आधी ऐकू तर येऊ दे

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की घरच्या गच्चीवरून उपग्रहामार्फत बोलायला खर्च किती? सांगतो. पण आधी माझी एक चूक सांगतो, कारण चार महिने मी ती करत होतो आणि त्रास दुसऱ्यांना होत होता.

एसओ-५० हा डिसेंबर २००२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह. साधारण सहाशे-सातशे किलोमीटरवरून जातो. त्यात एफएम रिपीटर आहे. आपण १४५.८५० मेगाहर्ट्‌झवर ६७ हर्ट्‌झचा टोन लावून बोलायचं. तो आपला आवाज ४३६.७९५ वर खाली पाठवतो. रिपीटर बंद असेल तर आधी ७४.४ चा टोन द्यायचा, मग तो दहा मिनिटं चालू राहतो. चॅनल एकच, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. आणि पुण्याच्या डोक्यावर असताना त्याच्या टप्प्यात जवळजवळ सगळा भारत असतो!

माझा रेडिओ खोलीत, व्हर्टिकल अँटेना गच्चीवर, मध्ये पंधरा मीटर आरजी-५८ केबल. रेडिओची पॉवर ५० वॅट, त्यामुळे वर जायला अडचण नव्हती. पण उपग्रहाचा ट्रान्समीटर पाव वॅटचा. तो बिचारा सिग्नल केबलमध्येच निम्म्याहून जास्त मरायचा. मला काही ऐकू येत नसे, म्हणून मी पुन्हा पुन्हा सीक्यू द्यायचो. वाटायचं, कोणी नाहीच.

एका संध्याकाळी लोकल नेटवर एक ज्येष्ठ हॅम म्हणाले, "अहो, तुम्ही वर उत्तम पोचताय. पण तुम्हाला कोणी ऐकू येतंय का? काल तिघांना झाकलंत तुम्ही." एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला दाबतो, हे परीक्षेत लिहून आलो होतो मी. काय लाज वाटली म्हणून सांगू!

मग पीव्हीसी पाइप आणि ॲल्युमिनियमच्या सळ्यांची हातात धरायची यागी केली, केबल हातभर ठेवली आणि गच्चीवर गेलो. स्क्वेल्च पूर्ण उघडा. हे महत्त्वाचं, नाहीतर कमजोर सिग्नल गाळला जातो. उपग्रह आपल्याकडे येत असतो तेव्हा डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी वर सरकते, म्हणून सुरुवात ४३६.८०५ वर. मग पास पुढे सरकेल तसं ८००, ७९५, ७९०, शेवटी ७८५. अपलिंकला हात लावायची गरज नाही, तिथला फरक एफएममध्ये खपून जातो. आवाज बुडायला लागला की मनगट फिरवून अँटेना आडवी-उभी करायची, कारण वर उपग्रहही फिरत असतो.

खरखर अचानक शांत झाली आणि माणसं बोलायला लागली. पहिले तीन पास मी फक्त ऐकले. चौथ्याला दुसऱ्या हँडीवर हेडफोन लावला, फट मिळाल्यावर कॉलसाइन दिला, "एमके सिक्स्टी-एट" हा ग्रिड सांगितला, आणि माझाच आवाज वरून माझ्या कानात परत आला. उत्तर दिलं ते त्याच ज्येष्ठांनी. "आज ऐकू येतंय वाटतं," एवढंच म्हणाले आणि पुढच्याला जागा दिली.

हां, खर्चाचं राहिलंच. पाच वॅटचे दोन साधे हँडी, हेडफोन, पाइप-सळ्या, मोबाइलवर पासची वेळ सांगणारं ॲप. बोलायचं तर परवाना हवाच. तो हातात आला की आधी एका हँडीवर नुसतं ऐकायला लागा.